चित्रातला बैल साक्षीला आला तर

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘प्रागैतिहासिक कला आणि पशुपालनाची सुरुवात’. काहींना वाटलं असेल, या बाईंचा विषय तत्त्वज्ञान, यांचा बैलांशी काय संबंध? संबंध असा आहे. मला उत्खनन करता येत नाही, हाड हातात घेऊन ते गाईचं की म्हशीचं हे सांगता येत नाही. पण ‘अमुक दिसलं, म्हणून तमुक असलं पाहिजे’ असं वाक्य कोणी उच्चारलं, की तिथे माझा विषय सुरू होतो. त्याला आपल्याकडे अनुमान म्हणतात. आणि जुन्या चित्रांवरून माणसाने जनावर कधी पाळलं हे ठरवणं, हा सगळा अनुमानाचाच कारभार आहे. आज मी त्या अनुमानाची परीक्षा करणार आहे. चित्रांची नव्हे, चित्रं वाचणाऱ्यांची.

सुरुवात लांबून नको, आळंदीपासून करू. इथून आळंदी किती लांब? तासाभराचीही वाट नाही. तिथे दुकानादुकानांत एक चित्र मिळतं. चांगदेव वाघावर बसून येताहेत, हातात सापाचा चाबूक, आणि समोरून ज्ञानेश्वरादी भावंडं भिंतीवर बसून. आता कल्पना करा, चार हजार वर्षांनी आपल्यातलं कोणी उरलेलं नाही, भाषा मेलेली आहे, ग्रंथ गेले, आणि एका अभ्यासकाला एवढं एकच चित्र सापडलं. तो प्रबंधात काय लिहील? ‘इंद्रायणीकाठच्या लोकांनी वाघ माणसाळवला होता. त्याचा वाहनासाठी उपयोग होई. सापांचंही पालन होत असावं.’ हसू येतंय ना? पण त्याची तर्काची पद्धत आणि आपण रोज वाचतो त्या लेखांमधली पद्धत यांत फरक दाखवा. चित्रात जनावराच्या पाठीवर माणूस आहे, म्हणून जनावर पाळीव. तोच हेतू, तेच साध्य.

न्यायशास्त्राचं जुनं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान चालतं, कारण धूर आणि अग्नी यांच्यात व्याप्ती आहे. धूर आहे आणि अग्नी नाही, असं कुठे आढळत नाही. पण ज्या खुणेवरून आपण निष्कर्ष काढतो ती खूण जर निष्कर्ष खोटा असतानाही आढळत असेल, तर तो हेतू नव्हे, हेत्वाभास. त्याचं नाव सव्यभिचार. चांगदेवाचा वाघ हे सव्यभिचाराचं नमुनेदार उदाहरण. पाठीवर बसलेला माणूस बैलाच्या चित्रात आढळतो, वाघाच्याही चित्रात आढळतो. मग त्या खुणेवरून पाळीवपणा कसा सिद्ध होणार?

आता आपल्या महाराष्ट्रातल्या सगळ्यात नावाजलेल्या पुराव्याकडे येऊ. दायमाबाद. अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) जिल्हा, श्रीरामपूर तालुका, प्रवरेच्या काठावरचं गाव. ही जागा १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी शोधली. पुढे तिथे तीन वेळा उत्खनन झालं. म. न. देशपांडे, नंतर शि. रं. राव, नंतर एस. ए. साळी. पण आपल्याला हव्या त्या वस्तू यांपैकी कोणाच्याही खंदकात सापडल्या नाहीत. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल नावाचा गावातला माणूस झाडाचं मूळ खणत होता. त्याच्या कुदळीला चार वस्तू लागल्या. चारही भरीव ओतकामाच्या, मिळून साठ किलोहून जास्त वजनाच्या. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा उभा पुरुष; हत्ती; गेंडा; रेडा.

फोटो सगळ्यांनी पाहिलेत. रथ पंचेचाळीस सेंटिमीटर लांब. बैल लांबट, शिडशिडीत, मानेवर जू. हाकणारा माणूस रथात उभा आहे आणि त्याच्या उभं राहण्यातही एक तोल आहे, धक्के खात जाणाऱ्या गाडीत उभं राहणाऱ्या माणसाचा. ज्याने हे ओतलं त्याने बैलगाडी पाहिली होती, हे मी छातीठोकपणे म्हणेन. कला म्हणून ही वस्तू थोर आहे, यात मला शंका नाही. माझी तक्रार कलेबद्दल नाही. तक्रार आहे ती तिच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या निष्कर्षांबद्दल.

पहिली गोष्ट. चारही वस्तू एकत्र बघा. रेडा चाकांवर उभा आहे. गेंडाही चाकांवर उभा आहे. हत्ती चौथऱ्यावर आहे, त्याची चाकं गेलेली दिसतात. म्हणजे जनावराला चाकं लावली हा या संचातला सगळ्यांना लागू होणारा प्रकार. आता ‘रेड्याला चाकं आहेत, अर्थात रेडा गाडीला जुंपत’ असं कोणी म्हणालं, तर त्याला गेंड्याबद्दलही तेच म्हणावं लागेल. गेंडा जुंपल्याचं कोणी म्हणत नाही. मग रेड्याबद्दल म्हणताना आपण चित्रावरून बोलत नाही. आपल्याला आधीपासून माहीत आहे की रेडा पाळीव असतो, ते आपण चित्रात घालतो आणि मग चित्रातून बाहेर काढतो. खिशातलाच रुपया काढून तो सापडला म्हणण्यासारखं आहे हे.

शिवाय मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध मुद्रा आठवा, जिला काही लोक पशुपती म्हणतात. मध्ये बसलेली आकृती आणि भोवती हत्ती, वाघ, गेंडा, रेडा. त्यातले तीन प्राणी दायमाबादच्या संचात आहेत. म्हणजे हा संच गोठ्यातल्या जनावरांची मोजदाद नसून एखाद्या देवतेच्या किंवा विधीच्या जगातली मंडळी असण्याची शक्यता मोठी. विधीच्या जगात रानटी आणि पाळीव हा आपला भेद चालेलच असं नाही.

मग या संचात पाळीवपणाचा काहीच पुरावा नाही का? आहे. पण तो बैलांत नाही, बैलांच्या मानेवरच्या जूत आहे. हा फरक नीट लक्षात घ्या, आजच्या बोलण्याचा तो कणा आहे. जनावराचं चित्र वेगळं आणि जनावर-माणूस यांच्यातल्या नात्याचं चित्र वेगळं. नुसता बैल काढला तर तो रानातलाही असेल. वेसण, कासरा, जू, दावं, धार काढणारी बाई, हे दाखवलं तर नातं दाखवलं. आणि त्यातही वाहन आणि जू यांत फरक आहे. वाहन हे देवतेला कोणतंही मिळतं, मोर मिळतो, उंदीरसुद्धा मिळतो. जू हे कामाचं अवजार आहे. त्याची जागा, त्याची जोडणी बरोबर दाखवायची तर ते रोज बघितलेलं असावं लागतं.

बरं, जू मान्य. बैल पाळीव होते, गाडीला जुंपत होते. पण केव्हा? इथे दुसरा हेत्वाभास. गौतमाने त्याला साध्यसम म्हटलंय. जे सिद्ध करायचं त्याच्याइतकाच पुरावा म्हणून पुढे केलेला हेतूही असिद्ध. या वस्तू उत्खननाच्या थरात सापडल्या नाहीत. देशपांडे, राव, साळी यांनी, आणि मधुकर ढवळीकरांनीही, आजूबाजूच्या परिस्थितीवरून त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. म्हणजे ढोबळ मानाने इ.स.पू. २००० च्या आसपासच्या. पण डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण पुढे ठेवलं. त्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे, आणि ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत आर्सेनिकची अशी मिसळ आढळलेली नाही. त्यांच्या मते या वस्तू ऐतिहासिक काळातल्याही असू शकतात. म्हणजे हजार-दोन हजार वर्षांचा फरक!

तुमच्यातले बरेच जण चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत काम केलेले आहात. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एखादा पार्ट उत्तम आहे, फिनिशिंग झकास आहे, पण त्यावर बॅच नंबर नाही, कुठल्या हीटचं मटेरियल ते माहीत नाही, कुठल्या पाळीत निघाला माहीत नाही. तुम्ही त्याच्यावरून त्या दिवसाच्या उत्पादनाबद्दल काही सांगाल का? क्वालिटीवाला म्हणेल, बाजूला ठेवा. पार्ट वाईट आहे म्हणून नव्हे, त्याचा माग लागत नाही म्हणून. पुरातत्त्वात थर म्हणजे बॅच नंबर. दायमाबादची ब्राँझं हा बॅच नंबर नसलेला सुंदर पार्ट आहे.

आणि समजा, जुनी तारीखच खरी मानली. तरी ‘सुरुवात’ हा शब्द इथे चालत नाही. बलुचिस्तानातल्या मेहरगढला इ.स.पू. ७००० च्या सुमारापासूनचे थर आहेत. रिचर्ड मेडो यांनी तिथली हाडं तपासली. खालच्या थरांत हरणांसारख्या रानटी जनावरांची हाडं भरपूर. वरवर यावं तशी गाईबैलांची हाडं वाढत जातात, आणि त्या गाईबैलांचा आकार लहान होत जातो. माणसाच्या ताब्यात आलेलं जनावर पिढ्यांमागून पिढ्या लहान होतं, ही पाळीवपणाची एक मोठी खूण. तिथून दायमाबादच्या रथापर्यंत पाच हजार वर्षं जातात. रथ हा सुरुवातीचा साक्षीदार नव्हेच; लग्न लागून कैक पिढ्या झाल्यावर काढलेला कुटुंबाचा फोटो आहे तो.

आता त्याच संस्कृतीच्या आसपासची दुसरी जागा घेऊ, इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ इतकी वर्षं तिथे काम केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही नावं तुम्ही ऐकलेली असतील. इ.स.पू. १६०० ते ७०० असा साधारण काळ. शंभराहून जास्त घरं उजेडात आली. इथेही एक अप्रतिम कलावस्तू मिळाली. घराच्या जमिनीखाली मातीची एक बंद पेटी पुरलेली, तिच्यात बिनडोक्याची स्त्री-मूर्ती आणि बैल, दोन्ही कच्च्या मातीचे. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की बाई बैलावर बसते. म्हणजे पुन्हा वाहन! आता तुम्ही विचाराल, मग इनामगावकडे बैल पाळलेले होते हे या मूर्तीवरून म्हणायचं नाही का? मूर्तीवरून नाही म्हणायचं. चांगदेवाचा वाघ विसरू नका. पण बैल पाळलेले होते हे नक्की म्हणायचं, कारण तिथे हाडं आहेत. थरांतून, घरांच्या अंगणांतून, कचऱ्याच्या खड्ड्यांतून आलेली. गाईबैलांची सर्वांत जास्त. शेळ्या-मेंढ्यांची आहेत, म्हशींची आहेत, कुत्र्यांची आहेत.

त्यातला शेळ्या-मेंढ्यांचा मुद्दा मला तर्काच्या दृष्टीने फार आवडतो. पाळीव शेळी आणि मेंढी ज्यांच्यापासून आल्या ते रानटी पूर्वज दख्खनमध्ये कधी नव्हते. ते पश्चिम आशियाच्या डोंगरांतले. मग घोड नदीच्या काठी शेळीचं हाड मिळालं, तर ती शेळी माणसाबरोबर चालत आल्याशिवाय तिथे येऊच शकत नाही. इथे व्याप्ती पक्की आहे. धूर आहे, म्हणजे अग्नी आहेच. एक साधं, ओबडधोबड, मोडकं हाड. प्रदर्शनात त्याच्यासमोर कोणी थांबत नाही. पण अनुमान म्हणून ते त्या सुंदर रथापेक्षा भक्कम.

हाडं आणखी काय सांगतात? कोणत्या वयाला जनावर मारलं ते सांगतात. शिकारी माणूस हाती लागेल ते मारतो. पाळणारा माणूस नर लहानपणी कापतो आणि माद्या ठेवतो, कारण त्याला दूध आणि वासरं हवी असतात. इनामगावच्या हाडांवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत, म्हणजे हे लोक गाईबैलांचं मांस खात होते. कोणाला हे ऐकून बरं वाटेल, कोणाला नाही. हाडाला त्याच्याशी कर्तव्य नाही. आणि वसाहतीच्या शेवटच्या टप्प्यात, इ.स.पू. १००० नंतर, शेती खालावली आणि शेळ्या-मेंढ्यांवर जगणं वाढलं, असं चित्र उत्खननातून उभं राहिलं. दुष्काळात माणूस काय करतो ते आपल्या धनगरांना विचारा. ही सगळी कहाणी मूर्तींत आणि मडक्यांवरच्या नक्षीत शोधली असती, तर मिळाली नसती.

मडक्यांचा विषय निघालाच आहे, तर तिसऱ्या प्रकारच्या चुकीकडे वळू. आतापर्यंत आपण ‘दिसतं, म्हणून आहे’ हे तपासलं. आता ‘दिसत नाही, म्हणून नाही’.

कोकणातली कातळशिल्पं. रत्नागिरी, राजापूर, लांजा, सिंधुदुर्ग, गोवा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवून ती शोधली, ही या महाराष्ट्रात अलीकडे झालेली फार मोठी गोष्ट आहे. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीला जांभ्या दगडावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस. बाकी मासे, शार्क, कासव, हरणं, गेंडा.

२०१८ च्या सुमाराला ही बातमी जगभर गेली, तेव्हा तिच्याबरोबर एक युक्तिवादही गेला. या शिल्पांत शेतीची दृश्यं नाहीत. शिकारीची जनावरं आहेत. म्हणून हे लोक शिकारी होते. म्हणून ही शिल्पं शेतीच्या आधीची, दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची. निष्कर्ष कदाचित खराही ठरेल. इतर मार्गांनी तारीख मिळेल तेव्हा मिळो. मी फक्त ही वाट तपासते आहे.

आपल्या मीमांसकांनी, विशेषतः कुमारिल भट्टाच्या परंपरेने, अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. नसण्याचं ज्ञान कसं होतं? टेबलावर भांडं नाही हे मला कसं कळतं? भांडं दिसत नाही म्हणून. पण त्यांनी एक अट घातली, योग्यानुपलब्धी. वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत भांडं दिसलं नाही म्हणून ते नाही असं म्हणता येत नाही. किती साधी अट, आणि किती वेळा विसरली जाते!

ही अट कातळशिल्पांना लावा. त्या लोकांकडे गाई असत्या, तर त्यांनी त्या कोरल्याच असत्या, असं म्हणता येईल का? जगभरचा अनुभव उलटा आहे. फ्रान्समधली लास्को गुहा घ्या. तिथे मिळालेल्या खाल्लेल्या जनावरांच्या हाडांत रेनडिअरची हाडं प्रचंड बहुसंख्य. आणि भिंतींवरच्या शेकडो प्राण्यांत रेनडिअर किती? एक. रोज खात होते एक, रंगवत होते घोडे आणि रानबैल. घरचं उदाहरण हवं तर जोर्वे संस्कृतीची मडकी बघा, इनामगावचीच. त्यांवर बहुतांश रेषा, चौकटी, तिरप्या जाळ्या, भूमितीची नक्षी. त्या नक्षीवरून कोणी म्हणालं असतं, ‘यांच्याकडे जनावरं फार नसावीत’, तर त्याच घराच्या अंगणातल्या हाडांच्या ढिगाने त्याला खोटं पाडलं असतं. आणि आपल्याच घरात बघा ना. या भागातल्या किती घरांच्या भिंतीवर स्कूटरचं चित्र आहे? देवाचं आहे, डोंगराचं आहे, धबधब्याचं आहे. स्कूटर खाली पार्किंगमध्ये आहे. माणूस रोजचं चित्रात काढतोच असं नाही. कित्येकदा रोजचं असतं म्हणूनच काढत नाही.

यात आणखी एक घसरण आहे, ती जास्त धोक्याची. ‘पाळीव जनावर नाही, म्हणून शिल्प जुनं’ असं आज ठरवायचं, आणि उद्या पुस्तकात लिहायचं की ‘इतक्या जुन्या काळच्या शिल्पांत पाळीव जनावर नाही, यावरून त्या काळी पशुपालन नव्हतं हे सिद्ध होतं’. याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन दारुडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत, दोघांनाही वाटतंय दुसऱ्याने आपल्याला धरलंय.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही चित्रांना साक्षीच्या पिंजऱ्यातून हाकलूनच दिलंत. तसं नाही. मला उलट बाजूही मांडायची आहे, नाहीतर ती परीक्षा कसली.

सौदी अरेबियाच्या वाळवंटात शुवेमिस आणि जुब्बा या जागी खडकांवर हजारो प्राणी कोरलेत. त्यांत साडेतीनशेच्या आसपास कुत्री आहेत. मारिया ग्वान्यिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ च्या अखेरीस त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकारी माणूस, हातात धनुष्य, सोबत कुत्र्यांचा तांडा, आणि काही कुत्र्यांच्या गळ्यापासून माणसाच्या कंबरेपर्यंत जाणारी रेघ. पट्टा! आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचा असावा असा अंदाज. वर्तमानपत्रांनी लगेच ‘जगातला सर्वांत जुना पट्टा’ म्हणून छापलं. अभ्यासकांनी मात्र सांभाळून लिहिलं होतं. तारीख थेट मोजलेली नाही, कोरीवकामाच्या क्रमावरून आणि झिजेवरून लावलेली आहे. आणि ती रेघ खरी दोरी असेल किंवा माणूस-कुत्रा यांच्यातलं नातं दाखवणारी खूण असेल, हेही त्यांनी मोकळं ठेवलं. समीक्षक म्हणून मला हा लेख चांगला वाटतो, तो याच कारणासाठी. आपण काय दाखवलं आणि काय दाखवलेलं नाही, याची सीमा त्यात आखलेली आहे.

आणि त्या चित्रांत असं काही आहे जे हाडात कधीच मिळणार नाही. कुत्र्यांच्या अंगावरचे ठिपके-पट्टे वेगवेगळे दाखवलेत. म्हणजे कोरणाऱ्याच्या मनात ‘कुत्रा’ नव्हता, अमुक एक कुत्रा होता. आपण ज्याला नाव ठेवतो तसा. हाड जात सांगतं, वय सांगतं, मरण सांगतं. हाक मारलेलं नाव सांगत नाही. तसंच आपल्या बैलाचं वशिंड. ते मांसाचं, मातीत जातं; हाडांवर त्याची खूण शोधावी तर मणक्यांच्या दुभंगलेल्या काट्यांवरून शोधावी लागते. चित्रकार मात्र एका वळणात वशिंड दाखवतो. तेव्हा चित्र हा खोटा साक्षीदार नाही. फक्त त्याला जे ठाऊक आहे तेच विचारलं पाहिजे. ‘केव्हा सुरू झालं’ हे त्याला ठाऊक नाही. ‘तुम्हाला हे जनावर कोण वाटत होतं’ हे त्याला ठाऊक आहे.

नको ते विचारलं की काय होतं, त्याचं एक जुनं उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडुआर्द पिएत या फ्रेंच संशोधकाला हिमयुगातल्या घोड्यांच्या कोरीव मुंडक्यांवर लगाम दिसले. तोंडावरून, गालावरून जाणाऱ्या रेषा. विसाव्या शतकात पॉल बान यांनी तो प्रश्न पुन्हा उघडला. पण बहुतेक अभ्यासकांनी त्या रेषा म्हणजे घोड्याच्या तोंडाचे स्नायू, केसांच्या कडा, रंगातले फरक असंच मानलं. आज जनुकशास्त्र सांगतं की आजच्या पाळीव घोड्याचा वंश व्होल्गा-डॉन नद्यांच्या खोऱ्यातला, इ.स.पू. २२०० च्या आसपास पसरू लागलेला. हिमयुग कुठे आणि ते कुठे! ज्याला घोडा म्हणजे लगाम घातलेलाच प्राणी माहीत आहे, त्याला प्रत्येक रेषेत लगाम दिसतो.

हे सगळं पंडिती वाद म्हणून सोडून देता आलं असतं, तर मी हा विषय इथे घेतला नसता. पण आपण कुठे बसलो आहोत ते बघा. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ हा बैलगाडा शर्यतीचा मुलूख. घाटात चार बैल, पुढे घोडी, आणि बारी सुटली की उठणारा तो गलका इथल्या प्रत्येकाच्या कानात आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने हे राज्यांचे कायदे वैध ठरवले. या सगळ्या वर्षांत दोन्हीकडून पुष्कळ बोललं गेलं. जल्लीकट्टूच्या बाजूने मोहेंजोदडोची बैलावरून झेप घेणाऱ्या माणसाची मुद्रा पुन्हा पुन्हा पुढे केली गेली. ‘हे बघा, किती जुनं आहे.’ आपल्याकडे दायमाबादच्या रथाला असंच पुढे करण्याचा मोह होणं अगदी स्वाभाविक आहे.

मी शर्यतीच्या बाजूने किंवा विरुद्ध निकाल द्यायला आलेले नाही. मला एवढंच म्हणायचंय की तो रथ या वादात साक्ष देऊ शकत नाही. त्याची तारीख वादातली आहे. तो शर्यतीत धावतोय असं त्याच्यात काहीही दिसत नाही. आणि समजा धावत असता, चार हजार वर्षांपूर्वीच धावत असता, तरी ‘पूर्वीपासून आहे’ यातून ‘योग्य आहे’ निघत नाही. आणि ‘नवं आहे’ यातून ‘अयोग्य आहे’ हेही निघत नाही. ज्यांना शर्यत हवी त्यांनी आजच्या बैलाबद्दल बोलावं, ज्यांना नको त्यांनीही आजच्याच बैलाबद्दल बोलावं.

आणि त्या बैलाबद्दल बोलायचं तर कोणती साक्ष काढावी? पुन्हा हाडाकडेच यावं लागतं. ओढकामाच्या बैलांच्या पायांच्या हाडांवर वर्षानुवर्षांच्या ओझ्याच्या खुणा उमटतात. खुरांच्या वरच्या हाडांच्या कडा पसरट होतात, सांध्यांवर जादा हाड वाढतं. युरोपात अभ्यासकांनी काम केलेल्या बैलांचे पाय घेऊन या खुणांची मोजणी बसवली आणि मग त्याच खुणा हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांत शोधल्या. त्यामुळे एखादा बैल नुसता पाळलेला होता की जुंपलेला होता, हे त्याचा पायच सांगू शकतो.

माझ्या लेखी आजच्या विषयाचं गांभीर्य इथे आहे. पशुपालन ही दोघांची गोष्ट आहे, माणसाची आणि जनावराची. चित्र दोघांपैकी एकानेच काढलेलं आहे. बैलाने चित्र काढलं नाही, मूर्ती ओतली नाही, मडकं रंगवलं नाही. चित्रात आपण त्याला झूल घालतो, शिंगं रंगवतो, देवीचं वाहन करतो. पोळ्याला मातीचा करून पाटावर ठेवतो. ते प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ती मालकाची जबानी आहे. बैलाची जबानी त्याच्या हाडात लिहिलेली असते. कोणत्या वयाला मारला, किती ओढलं, पोटभर मिळालं की नाही. नुसत्या चित्रांवर पशुपालनाचा इतिहास लिहिणं म्हणजे एका पक्षाचं म्हणणं ऐकून निकाल देणं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुम्हाला मोबाइलवर एखादं जुनं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलेलं असलं की यावरून अमुक हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे अमुक होतं, तर चार प्रश्न विचारा. यात जनावर दाखवलंय की नातं दाखवलंय? हीच खूण वाघाच्या किंवा गेंड्याच्या चित्रातही मिळते का? याची तारीख कशावरून, आणि ती तारीख पुन्हा याच चित्रावरून तर काढलेली नाही? आणि त्याच थरात हाड काय म्हणतंय? चारही प्रश्नांना उत्तर मिळालं, तर खुशाल पुढे पाठवा. नाही मिळालं, तर चित्र म्हणून ते बघा, डोळे भरून बघा. पुरावा म्हणून मात्र अजून थांबा.